अकरा नळ्यांतली झोप

३ फेब्रुवारी, सोमवार

माझी बातमी नोटीसबोर्डावर लागली आहे. आनंद व्हावा असा बोर्ड नव्हे!

माझ्या मैत्रिणीच्या, दर्शनाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या द्रौपदीने सकाळी फोटो पाठवला. घाटकोपरच्या एका खासगी इस्पितळाचं परिपत्रक. एक मार्चपासून आयांची रात्रपाळी आठ तासांऐवजी बारा तासांची, आणि आठवडाभर नाही, सलग महिनाभर. का? तर 'अलीकडील वैज्ञानिक संशोधनातून सिद्ध झाल्याप्रमाणे...' आणि खाली पुरावा म्हणून माझ्या बातमीचं कात्रण. डिंकाने चिकटवलेलं. माझ्या नावावर लाल पेनाने रेघ.

मथळा — 'रात्रपाळीतही सुखाची झोप!' हा मथळा माझा नाही. ते उद्गारचिन्ह तर मुळीच नाही. मी काय लिहिलं होतं? दर्शनाच्या प्रयोगशाळेने रात्रपाळी करणाऱ्या तेवीस आयांची लाळ तपासली. जवळजवळ निम्म्या जणींत झोपून उठल्यावरचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, बरंच कमी दिसलं. त्याच जणींनी आपल्याला झोप उत्तम लागते असंही सांगितलं. तर शरीर रात्रपाळीला सरावत असेल का, असा प्रश्न पडतो. प्रश्न! उत्तर नव्हे. शेवटी एक परिच्छेद होता की बायका थोड्या आहेत, निष्कर्षाची घाई नको. तो कापून तिथे गाद्यांची जाहिरात लावली.

गाद्यांची!

४ फेब्रुवारी, मंगळवार

केतनशी भांडले. आमचा उपसंपादक. वय एकतीस, मला मॅडम म्हणतो आणि माझं काही ऐकत नाही.

'मॅडम, मथळा वाचूनच लोक आत येतात.'

'आत आल्यावर गादीवर झोपतात का?'

'तुम्ही पण ना! बातमी व्हायरल झाली, त्याचं कौतुक नाही.'

खुलासा छापा म्हटलं. म्हणाला, खुलासा कशाचा? आपल्या बातमीत चूक कुठाय? इस्पितळाने काय केलं ते इस्पितळाला विचारा.

दुष्ट माणसाशी भांडता येतं. तर्कशुद्ध माणसाशी भांडायचं तर आधी पाणी प्यावं लागतं. प्यायले. तरी उपयोग झाला नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

मेट्रोने अंधेरीला, दर्शनाच्या प्रयोगशाळेत. दर्शना आणि मी मुलुंडच्या शाळेत एका बाकावर. दहावीला संस्कृतात तिला माझ्यापेक्षा दोन गुण जास्त, आणि तरी ती विज्ञानाला गेली. मी राहिले संस्कृतात. हे मी अजून तिला माफ केलेलं नाही. आता ती मेंदू, संप्रेरकं, वागणं आणि झोप यांच्यात काय नातं आहे ते शोधते, आणि मी तिच्या शोधांचं मराठी करते. 'हार्मोन'ला संप्रेरक म्हटलं की तिचं तोंड आंबट होतं. 'रश्मे, तुझे संप्रेरक ऐकले की माझी अ‍ॅसिडिटी वाढते.'

परिपत्रक दाखवलं. चष्मा वर करून तिने दोनदा वाचलं.

'मी म्हटलं का रात्रपाळी वाढवा?'

'नाही. पण तुझ्या जिवावर वाढवली.'

'तुझ्या बातमीच्या जिवावर, पंडिते.'

हे लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

मग तिने मला नीट समजावलं, जसं ती मला नेहमी समजावते — मी तिसरीत आहे असं धरून. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी आहे, पिट्युटरी. ती पहाटे हुकूम सोडते, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात आणि माणूस जागा होतो. रात्रपाळीत हे वेळापत्रक विस्कटतं. सगळ्या जगात विस्कटतं. आणि घाटकोपरच्या भटवाडी वस्तीतल्या या बायकांत ते विस्कटलेलं दिसत नाही! कॉर्टिसॉल खाली, झोप छान. 'अकरा जणी, रश्मी. एक-दोन नाही. मे महिन्यात परिषदेत मांडणार आहे.'

मी म्हटलं, इस्पितळाला पत्र लिही की याचा असा अर्थ होत नाही.

'माझ्या आकड्यांत चूक दाखव. त्याच दिवशी लिहिते. नुसतं तुला वाईट वाटतंय म्हणून नाही लिहिणार.'

परतीच्या मेट्रोत मी तिला तीन समासांत शिव्या दिल्या. मनात.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चंद्रप्रकाश म्हणाला, 'तू एवढी चिडतेस तर त्या बायकांना जाऊन भेटली का नाहीस?'

नवरे कधीकधी बरोबर बोलतात. त्याची आधी सूचना देत नाहीत, एवढाच दोष.

बातमी मी फोनवर केली होती. दर्शनाशी बोलून. तेवीस बायकांपैकी एकीचंही तोंड मी पाहिलेलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते सगळं लिहून काढते. हसावं की चिडावं ते कळत नाही.

भटवाडीत द्रौपदीच्या घरी गेले. द्रौपदी ही दर्शनाची क्षेत्र-सहायक. म्हणजे बायकांना नळ्या वाटायच्या, त्या झोपून उठल्या की बर्फाच्या डब्यात गोळा करायच्या, फॉर्म भरून घ्यायचे. मूळची जालन्याकडची, दहावी पास, चाळीस-बेचाळीसची. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, त्यांच्या खाली पांढऱ्या कोटातला तिचा स्वतःचा फोटो. प्रयोगशाळेत काढलेला. वस्तीतल्या बायका तिला 'आमची डॉक्टरीण' म्हणतात, निम्मं चिडवायला, निम्मं अभिमानाने.

आठ-नऊ जणी आल्या. सगळ्या त्याच इस्पितळात आया. बसल्या, आणि पहिलाच प्रश्न —

'तुमीच ल्हिलंत ना ते? आमाला सुखाची झोप लागती म्हून?'

मी तोंड उघडलं.

'चार घंटे झोपतो ताई आम्ही. पोरं शाळेतून आली की उठायचं. वरती पत्रा. सुखाची झोप म्हणे!'

'माझा तर डोळाच लागत नाय दिवसाचा.'

'आता महिनाभर सलग नाइट केली ना, तर नवरा ओळखायचा पण नाय मला.'

'तो आत्ता पण ओळखत नाय तुला!'

हशा. पण राग त्या हशाखाली होताच. मी म्हटलं, अहो, पण फॉर्मवर तुम्हीच सांगितलंत ना, झोप चांगली लागते म्हणून? आणि नळीतही तसंच निघालं.

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मालनबाई, त्यांच्यातली सगळ्यात थोराड, तिने भिंतीकडे मान वळवली. तिथे एक बाई भिंतीला टेकून, तोंड किंचित उघडं टाकून, एवढ्या कलकलाटात गाढ झोपली होती.

'ती शकु,' मालनबाई म्हणाली. 'नळ्या तिच्याच.'

मला समजेना. मग हळूहळू, एकेक तुकडा, पदराआडून हसत हसत बाहेर आला. द्रौपदीने नळ्या वाटल्या. उठल्या उठल्या, चूळ न भरता, नळीत थुंकायचं. आता यांना तर झोपच आली नव्हती. मग झोपेच्या परीक्षेला थुंकी द्यायची कुठली? शकुला कुठेही झोप लागते. उभ्या-उभ्या. स्टोअररूममध्ये. एकदा तर लिफ्टमध्ये, म्हणून मेमो मिळालाय. तेव्हा ठरलं, शकुचीच द्यायची. दहा जणींच्या नळ्या, वर तिची स्वतःची एक. अकरा! तीन दिवस! बाकीच्यांच्या घरी ती वेळेत पोचू शकली नाही, नाहीतर तेवीसच्या तेवीस तिच्याच भरल्या असत्या. आणि फॉर्मवरची उत्तरंही शकुचीच.

'एवढी थुंकी आणायची कुठून पण?' दुसरी म्हणाली. 'मग मी तिच्यासमोर चिंच धरायची. नुसती धरायची हां, खायला नाय द्यायची!'

पुन्हा हशा.

मी विचारलं, पण का? का केलंत असं?

मालनबाईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी पाहते नळावर भांडणाऱ्या शहाण्यांकडे.

'आपल्याकडं पाव्हणं आलं तर फुटका कप देतो का आपण? द्रौपदीच्या मोठ्या मॅडमकडं जाणार होतं ते. द्रौपदीची लाज ती आमची लाज. चांगलं होतं तेच दिलं.'

आणि द्रौपदी? ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, चहाचा ट्रे हातात. तिला यातलं काही माहीत नव्हतं. चेहरा पांढराफटक. ट्रे खाली ठेवला, आणि बायका निघून गेल्यावर एवढंच म्हणाली, 'ताई, हे लिहू नका. माझं काम जाईल. मॅडमनी एवढा विश्वास टाकला...'

शकु सगळ्यात शेवटी उठली. मालवणकडची. डोळे चोळत म्हणाली, 'चाय संपली काय?'

१० फेब्रुवारी, सोमवार

न सांगितलं तर तेवीस बायका महिनोन्महिने बारा-बारा तास जागणार. सांगितलं तर द्रौपदी जाणार, आणि दर्शनाचं मे महिन्यातलं भाषणही. मी कोणावर चिडू? केतनवर चिडणं सोपं आहे, त्याची सवयही आहे. पण फोनवर बातमी करणारी कोण होती?

११ फेब्रुवारी, मंगळवार

द्रौपदीचा फोन. 'मीच सांगते मॅडमना. तुम्ही फक्त बरोबर या.'

मी रात्रभर कूस बदलत जे ठरवत होते, ते या बाईने एका वाक्यात ठरवलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गेलो. द्रौपदीने उभं राहूनच सांगितलं, खुर्ची असून. शेवटपर्यंत, एकही गोष्ट न वगळता.

दर्शनाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग, 'चिंच?'

'हो मॅडम.'

'चिंच दाखवायच्या!' आणि ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग पाणी राहिलं आणि हसू गेलं.

'दोन वर्षं, रश्मी. दोन वर्षं मी या आकड्यांवर बसले होते. झोपेत दिसायचे मला.'

मला वाटलं आता द्रौपदीवर येईल. नाही आली. म्हणाली, 'द्रौपदी, मी किती वेळा आले गं भटवाडीत?'

'एकदा, मॅडम. उद्घाटनाला.'

'हं. पेढे खाऊन गेले.'

परिषदेला भाषण मागे घेतल्याचं पत्र तिने आमच्यासमोरच टाइप केलं. दुसरं इस्पितळाला. दुसऱ्यात 'निष्कर्ष अग्राह्य' हे शब्द माझे. तिने पहिल्यांदाच माझा शब्द आंबट तोंड न करता घेतला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दर्शनाच्या संस्थेत बैठक झाली. तिचे संचालक म्हणाले, 'अशिक्षित बायकांवर अभ्यास केला की हेच होणार. ती फील्डवाली बाई आधी काढा.'

अशिक्षित!! या अशिक्षित बायका रात्री तुमच्या आई-वडिलांच्या सलाइनकडे बघत बसतात. सलाइन संपलं की नर्सला उठवतात. चादरी बदलतात, कूस बदलतात, मेलेल्याचे डोळे मिटतात. एवढं करून घरी आल्यावर कोणी आपली लाळ तपासतंय तर त्यांना वाटलं, बिचाऱ्या द्रौपदीची लाज राखावी. आणि सुशिक्षितांनी काय केलं? उद्घाटनाला पेढे खाल्ले. फोनवर बातमी केली. मथळ्यात उद्गारचिन्ह टाकलं. परिपत्रक काढलं. इतक्या शिकलेल्या माणसांतून एकालाही भटवाडीचा एक जिना चढावासा वाटला नाही!

दर्शना त्यांना म्हणाली, 'तिचं नाव काढाल तर प्रकल्पातून माझंही काढा.' संचालकांनी विषय पुढच्या बैठकीत ढकलला. ढकलणं हा आपल्याकडचा सर्वात प्रगत निर्णय आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

खुलासा छापून आला. पान सहा, खाली, चौकटीत, सात ओळी. 'नजरचुकीने' हा शब्द केतनचा. कोणाची नजर? माझी तर गेलीच नव्हती तिथे.

तरी छापला. त्याने दोनदा वाचला आणि म्हणाला, 'मॅडम, खरंच चिंच?' त्या क्षणी तो एकतीस वर्षांचा नव्हता, नऊ वर्षांचा होता. चिंच मात्र चौकटीत येऊ दिली नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मालनबाईने ती चौकट कापून नोटीसबोर्डावर चिकटवली, परिपत्रकाच्या अगदी शेजारी. आणि सोळा जणी मिळून प्रशासन अधिकाऱ्याकडे गेल्या. साहेब काय म्हणाले? 'वर्तमानपत्रातली कात्रणं आम्हाला बंधनकारक नसतात.'

नसतात! डिंकाने चिकटवलेलं पहिलं कात्रण बंधनकारक, चिकटपट्टीने लावलेलं दुसरं नाही! एकाच पेपरातली दोन! उद्या म्हणतील, दुसऱ्याचा डिंक शास्त्रीय नव्हता.

मग मालनबाई म्हणाली म्हणे, 'साहेब, मग आमची थुंकी परत घ्या. या वेळी आमची घ्या.'

साहेबांनी शेवटी कबूल केलं — नवा अहवाल येईपर्यंत परिपत्रक स्थगित. लेखी द्या, असंही मालनबाईच म्हणाली. लेखी घेऊनच निघाल्या.

आज मी शेवेचा चिवडा केला. कारण काही नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दर्शना तीन दिवस भटवाडीत ठाण मांडून होती. कामावरून येऊन बायका झोपल्या की ती आणि द्रौपदी जिन्यावर बसायच्या, आणि उठल्या उठल्या एकेकीच्या दारात हजर. आज मीही गेले. दुपारी अडीच वाजता झोपेतून उठलेल्या बाईचा चेहरा मी याआधी पाहिला नव्हता. त्याच्यावर मी बातमी केली होती!

शकुला उठवायला तिघी लागल्या. पाय हलवले, नाव घेतलं, चादर ओढली. तिची सासू कोपऱ्यातून म्हणाली, 'आळशी आसा ती. नऊ वर्सां बघतंय मी.' शकु कशीबशी उठून बसली, डोळे मिटूनच नळीत थुंकली. दर्शनाने नळीवर स्वतः तिचं नाव लिहिलं. मग बराच वेळ शकुच्या मनगटाकडे बघत होती, भुवयांचे केस गळून गेलेल्या त्या चेहऱ्याकडे बघत होती. मी विचारलं काय गं? म्हणाली, काही नाही, दमले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा दिन. ऑफिसात केक कापला. त्यावर इंग्रजीत 'हॅप्पी' लिहिलं होतं. मी तुकडा खाल्ला. चांगला होता.

१ मार्च, शनिवार

परिपत्रक लागू व्हायचा दिवस. लागू झालं नाही. मालनबाईचा आवाजी संदेश — 'ताई, आजपासून डे आहे माझी! डे!' मागे कोणीतरी भांडी घासत होतं.

द्रौपदीचं काम राहिलं. संचालकांनी तिला 'ताकीद' दिली. ती फ्रेम करून त्या पांढऱ्या कोटाच्या फोटोशेजारी लावणार म्हणते. मी जिंकले असं वाटलं. खरंच वाटलं.

४ मार्च, मंगळवार

दर्शनाचा फोन सकाळी सव्वासातला. नव्या अहवालात बावीस जणींची संप्रेरकं विस्कटलेली — रात्रपाळीत सगळ्या जगाची विस्कटतात तशीच. परिपत्रक गेलं. पण ती ते सांगायला फोन करत नव्हती.

तेविसावी शकु. तिच्यात कॉर्टिसॉल जवळजवळ नाहीच. आधीच्या अकरा नळ्यांत होतं तसंच.

'अकरा जणींत दिसलं म्हणून मी त्याला वैशिष्ट्य म्हटलं,' दर्शना म्हणाली. 'एकीत दिसलं असतं तर त्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं असतं.'

नेलं काल. तिच्याच इस्पितळात दाखल केलं, जिथे लिफ्टमध्ये झोपल्याबद्दल तिला मेमो मिळाला होता. अंतःस्रावी ग्रंथींच्या डॉक्टरांनी तपासलं आणि एकच विचारलं — शेवटच्या बाळंतपणात फार रक्त गेलं होतं का?

'घमेलाभर,' शकु म्हणाली. 'नऊ वर्सां झाली त्येका. आजपर्यंत कोणी इचारल्यानच नाय.'

त्या रक्तस्रावात मेंदूतली ती वाटाण्याएवढी ग्रंथी सुकली होती. नऊ वर्षं तिच्यातून हुकूम सुटतच नव्हता. डॉक्टर म्हणाले, साधा ताप आला असता तरी जीव जायला पुरला असता.

सलाइन चालू आहे. शुद्धीवर आहे. रात्री तिच्याजवळ मालनबाई बसते आहे.